भाषेच्या भांडणात अडकलेला अर्ज

बेळगावात सरकारी संकेतस्थळाचा विषय निघाला की पुढचं बोलणं दोन्ही बाजूंना तोंडपाठ असतं. एक बाजू म्हणते, हे कर्नाटक आहे, कन्नडमध्ये आहे ते पुरे. दुसरी म्हणते, इथं लाखो मराठी माणसं राहतात, सगळं मराठीत द्या. मग 1956 ची राज्य पुनर्रचना निघते, सीमाप्रश्नासाठी नेमलेला महाजन आयोग निघतो, 2004 मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा निघतो. बोलणं संपतं तेव्हा दोन्ही बाजू जिथल्या तिथं असतात, आणि ज्या बाईच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरून हे सगळं सुरू झालं तिचा अर्ज अर्धवट भरलेलाच राहतो. हा वाद महत्त्वाचा आहे म्हणूनच तो इतका वाईट रीतीनं लढवला जातोय याचं मला दुःख होतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सीमाभागातल्या मराठी माणसाला सरकारी माहिती मराठीत मिळाली पाहिजे, ही मागणी न्याय्य आहे आणि ती एका अक्षरानंही मागे घेण्याचं कारण नाही. पण संकेतस्थळाची खरी कसोटी त्याहून मोठी आहे. तिथं आलेल्या माणसाचं काम त्याच्या स्वतःच्या हातानं, मुलाला किंवा दुकानदाराला न बोलावता पुरं झालं का? भाषा हा या कसोटीचा एक भाग आहे, सबंध कसोटी नव्हे. आपण तो एक भाग उचलून त्यावरच सगळी ताकद लावली, आणि त्यामुळे बाकीच्या दोषांबद्दल सरकारला आजवर कुणी जाबच विचारला नाही. मराठीनं विचारला नाही आणि कन्नडनंही नाही.

या म्हणण्याला सर्वांत जोरकस विरोध माझ्याच माणसांकडून होतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. ते विचारतात, वाचताच येत नसेल तर सोपं काय आणि अवघड काय? खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसापुढे कन्नडमधला अर्ज कितीही नीटनेटका ठेवला तरी त्याला तो बंद दारासारखाच. शिवाय हक्क कागदावर आहेत. राज्यघटनेचं कलम 350 सांगतं की संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत माणूस आपलं गाऱ्हाणं सरकारकडे मांडू शकतो. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीनं भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. ज्या जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिकेत अल्पसंख्याक भाषकांचं प्रमाण 15 टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही काढायच्या, हे तत्त्व राज्यांनी मान्य केलेलं आहे. ते पाळलं जात नाही म्हणून सीमाभागात चीड आहे, आणि ती रास्त आहे.

तरीही जरा थांबून पाहू. कलम 350 लिहिलं गेलं तेव्हा गाऱ्हाणं म्हणजे कागद होता. मराठीत लिहिलेला कागद कचेरीत दिला तर कारकुनाला तो घ्यावा लागे, आणि वाचणारा माणूस शोधणं ही कचेरीची जबाबदारी होती. आज गाऱ्हाणं एका चौकटीत टाइप करायचं असतं. त्या चौकटीत देवनागरी अक्षर टाकल्याबरोबर ती तांबडी होत असेल आणि ‘अवैध अक्षर’ म्हणून पुढे जाऊच देत नसेल, तर कलम 350 कुठं वापरायचं? इथं मराठीचा हक्क कुणी मंत्र्यानं किंवा अधिकाऱ्यानं नाकारलेला नाही. चौकट बनवणाऱ्यानं तिला कोणती अक्षरं चालतील ते ठरवलं आणि हक्क तिथंच संपला. म्हणजे भाषेचा प्रश्नही शेवटी बांधणीच्या प्रश्नातूनच जातो. बांधणीबद्दल बोलायचंच नाही असं ठरवलं, तर भाषेची लढाई आपण कुठल्या मैदानावर लढणार?

आता तोच अर्ज बैलहोंगलच्या किंवा सौंदत्तीच्या शेतकऱ्यापुढे ठेवा. त्याची मातृभाषा कन्नड, शिक्षण कन्नड, अर्जही कन्नड. तो भरभर पुढे जातो का? जन्मतारीख कोणत्या क्रमानं टाकायची ते लिहिलेलं नसतं; चुकली की कळतं. कागदपत्र दोनशे केबीच्या आत हवं असतं, पण फोननं काढलेला फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो आणि तो लहान कसा करायचा हे कुठंच सांगितलेलं नसतं. शेवटचं बटण दाबल्यावर वरच्या कोपऱ्यात एक ओळ उमटते की काहीतरी चुकलंय; नेमकं कुठं, ते नाही. पान पुन्हा उघडलं की भरलेलं सगळं पुसून गेलेलं. मधेच गुरांकडे जाऊन आला तर वेळ संपलेली. फोनवर पान उघडलं तर अर्धी चौकट पडद्याबाहेर, कारण ते बनवताना समोर कचेरीतला संगणक होता. हा शेतकरी कुठं जातो? खानापूरचा मराठी माणूस जातो तिथंच. सायबरचं तेच काचेचं दार, आत तोच संगणक आणि तेच प्रत्येक कामामागे मोजायचे पैसे. दोघं एकाच बाकावर बसलेले असतात, आणि बाहेर त्यांच्या नावानं दोन वेगळी आंदोलनं चाललेली असतात.

कन्नड संघटनांनाही मला हेच सांगायचं आहे. कर्नाटकच्या भाषा कायद्यात 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीनं दुकानांच्या फलकाचा 60 टक्के भाग कन्नडला दिला. फलकाचं क्षेत्रफळ पट्टी लावून मोजता येतं, आणि मोजता येतं तेच आंदोलनाला सोयीचं ठरतं. पण एखादं पान शंभर टक्के कन्नडमध्ये असून कन्नड शाळेत शिकलेल्या माणसाला ते वापरता येत नसेल, तर त्यात कन्नडचा कोणता विजय झाला?

या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे की ती समजली तर दोन्ही बाजूंचं भांडण निम्म्यानं कमी होईल, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, निपाणी, कुठंही बघा. असंख्य मराठी माणसांना कन्नड बोलता येतं. बाजारात, बसमध्ये, मागावर, शेतावर ते रोज बोलतात. त्यांना वाचता येत नाही, कारण शाळा मराठी होती. लिपी अडते, भाषा तितकी अडत नाही. आणि आजच्या साध्या फोनमध्येही लिहिलेलं वाचून दाखवायची सोय असते, कन्नडचं मराठीत भाषांतर करायचीही असते. ती कच्ची असते, कायद्याच्या शब्दांवर ती घसरते, तिच्या भरवशावर मूळ मराठी मजकुराची मागणी सोडून द्यावी असं मी म्हणणार नाही. पण ‘कोणती कागदपत्रं आणायची’ एवढं कळायला ती पुरते. अट एकच, पानावरचा मजकूर हा खरोखर मजकूर असला पाहिजे. आपल्याकडे होतं काय? आदेश टाइप करतात, छापतात, त्यावर शिक्का-सही होते, मग तो कागद स्कॅन करून त्याचं चित्र संकेतस्थळावर चढवतात. चित्रातली अक्षरं फोनच्या दृष्टीनं शाईचे डाग असतात. ती शोधता येत नाहीत, मोठी करून नीट वाचता येत नाहीत, वाचून दाखवायच्या सोयीला बहुधा ऐकवता येत नाहीत. कन्नड आणि देवनागरी या दोन्ही लिपी युनिकोड या सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत, तरी कित्येक कचेऱ्यांत जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करायची सवय सुटली नाही. कन्नडकडे जुन्या नुडीची, मराठीकडे श्रीलिपीची. त्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की निरर्थक खुणा दिसतात.

म्हणजे पाहा, नीट बनवलेलं निव्वळ कन्नड पान हे येळ्ळूरच्या मराठी माणसाला वाईट बनवलेल्या मराठी पानापेक्षा जास्त उपयोगी पडू शकतं. हे वाक्य माझ्या काही मित्रांना बोचेल याची मला कल्पना आहे. पण मराठीतला स्कॅन केलेला, वाकडा, फिकट आदेश फोनवर बोटांनी ताणून वाचायचा प्रयत्न ज्यानं केला आहे, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. आणि ज्याची दृष्टी गेली आहे त्याचा विचार तर या वादात कुणी करतच नाही. त्याच्यापुढे चित्र कन्नडचं असो की मराठीचं, दोन्ही सारखेच मुके. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या खटल्यात दाद मागणारे ॲसिड हल्ल्यातून वाचलेले आणि दृष्टिहीन लोक होते. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करा, असं यंत्र त्यांना सांगत होतं. भाषेच्या पलीकडे दार बंद होतं ते कसं, याचं याहून स्पष्ट उदाहरण कुठलं द्यावं?

सरकारवर बोट रोखून थांबलो तर मात्र ते अर्धं सत्य होईल. आपल्या स्वतःच्या संस्थांची संकेतस्थळं उघडून बघा. सीमाभागात मराठी माणसांनी उभ्या केलेल्या सोसायट्या आहेत, बँका आहेत, शाळा आहेत, वाचनालयं आहेत, मंडळं आहेत. तिथं कुणाचा दबाव नाही, भाषेची सक्ती नाही. पान उघडलं की काय दिसतं? चेअरमन आणि संचालकांचे फोटो सरकत असतात. त्याखाली स्थापनेचा इतिहास. सभासदाला हवा असतो ठेवीवरचा व्याजदर, शाखेची वेळ, लॉकरचं भाडं, कर्जाला लागणारी कागदपत्रं. ती चार बटणांच्या आत एखाद्या चित्रात असतात किंवा नसतातच. शाळेच्या प्रवेशाची तारीख हवी तर संकेतस्थळावर गेल्या वर्षीची सापडते आणि यंदाची व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोत. पांढऱ्यावर फिकट पिवळी अक्षरं, कारण ती कार्यकारिणीला संगणकावर छान दिसली. साठीच्या माणसाला भर उन्हात ती दिसतील का, हे कुणी पाहिलं नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान साडेचार पट असावा, बोटानं दाबायची जागा फार लहान नसावी, चूक झाली तर ती कुठं झाली ते शब्दांत सांगावं, असे नियम जगभर मान्य झालेले आहेत. त्यांची सध्याची आवृत्ती ऑक्टोबर 2023 ची आहे. आपल्या सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्रानंही 2009 पासून मार्गदर्शक तत्त्वं काढलेली आहेत. आपल्या संस्थांना ती पाळायला कुणी अडवलं आहे? मराठीचा अभिमान सांगणाऱ्या संस्थेनं मराठी सभासदाला स्वतःच्या पानावर चाचपडायला लावावं, ही मला सरकारच्या उपेक्षेइतकीच लागणारी गोष्ट आहे.

इतिहासाकडे वळलं की एक गोष्ट मान्य करावी लागते. एकोणिसाव्या शतकात हा सगळा मुलूख मुंबई इलाख्यात होता आणि धारवाड-बेळगावच्या कचेऱ्यांत, शाळांत मराठीचा वरचष्मा होता. कन्नड बोलणारा शेतकरी तेव्हा न समजणाऱ्या कागदावर अंगठा उठवत होता. त्या अवस्थेतूनच 1890 मध्ये धारवाडात रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकारानं कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. त्यांचं म्हणणं काय होतं? राज्य ज्यांच्यावर चालतं त्यांना राज्याचा कागद कळला पाहिजे. ते बरोबर होतं. आज खानापूरचा मराठी माणूस तेच म्हणतोय, आणि तेही तितकंच बरोबर आहे. दोन्ही समाजांनी न कळणाऱ्या कागदापुढे उभं राहण्याचा अपमान सोसलेला आहे, मग त्या अनुभवातून आपण एकमेकांना शह देणारे फलकच का काढले? कागद कळण्याजोगा असावा, ही दोघांची सामाईक मागणी होऊ शकली नाही ती कुणाच्या हट्टामुळे?

दुसरा दाखला स्वतंत्र भारताचा आहे. 1951-52 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. 1951 च्या जनगणनेप्रमाणे देशातलं साक्षरतेचं प्रमाण होतं सुमारे 18 टक्के, आणि मतदार 17 कोटींहून अधिक. आधी लोकांना शिकवू, मग मत देऊ, असं म्हणणारे तेव्हा होतेच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे प्रश्न होता की वाचता न येणाऱ्या माणसानं आपला उमेदवार ओळखायचा कसा. त्यांनी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि पेटीवर चिन्ह लावलं. मतदारानं कागदावर काही लिहायचं नाही, खूण करायची नाही, हव्या त्या पेटीत तो टाकायचा. माणसाला यंत्रणेच्या मापाचं करण्याऐवजी यंत्रणा माणसाच्या मापाची केली. ज्या देशानं संगणकाशिवाय, वीज नसलेल्या गावांत हे करून दाखवलं, त्या देशातल्या कचेरीनं आज ‘लोकांना ऑनलाइन भरता येत नाही, लोक अडाणी आहेत’ असं म्हणावं? सेन यांच्यासमोरच्या मतदारापेक्षा आजचा बेळगाव जिल्ह्यातला माणूस खूपच अधिक शिकलेला आहे. तो फोनवरून पैसे पाठवतो, भाव बघतो, मुलाशी व्हिडिओवर बोलतो. अर्ज मात्र त्याला भरता येत नाही. मग अडाणीपण नेमकं कुणाकडे आहे?

यावर व्यवहारी माणसं म्हणतात, एवढी चिंता कशाला, ग्राम वन, बेळगाव वन ही सरकारी सेवा केंद्रं आहेत, दाखले देणारी नाडकचेरी आहे, कोपऱ्यावर सायबर आहे. वीस-पन्नास रुपयांत काम होतं आणि चार पोरांना रोजगारही मिळतो. या बोलण्यात तथ्य आहे. ती पोरं नसती तर 2023 मध्ये गृहलक्ष्मी योजना सुरू झाली तेव्हा महिन्याच्या दोन हजार रुपयांसाठी आलेल्या बायकांचे अर्ज गेलेच नसते. शिवाय कन्नड वाचून मराठीत समजावणारा दुभाषा आज तोच आहे. त्याचे उपकार आहेत. तरी पुढचंही पाहायला हवं. तो अर्ज भरतो तेव्हा पासवर्ड त्याच्याकडे राहतो. ओटीपी त्याला सांगावा लागतो. घरातला फोन नंबर जोडलेला नसला की घाईत स्वतःचाच नंबर टाकतात, आणि मग अर्ज नामंजूर झाल्याचा निरोप ज्या बाईचा अर्ज आहे तिच्यापर्यंत पोचतच नाही. उताऱ्याचंच बघा. ‘भूमी’ प्रकल्पानं 2001 च्या सुमाराला सुमारे 67 लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी उताऱ्यांची नोंद तलाठ्याच्या दप्तरातून संगणकावर आणली आणि तालुक्याच्या ठिकाणी पंधरा रुपयांत उतारा मिळू लागला. हा खराखुरा मोठा बदल होता. तलाठ्याची मर्जी संपली. पण तलाठ्याच्या जागी कायमचा दुसरा मध्यस्थ बसवायचा असेल, तर घरबसल्या सेवा हे शब्द आपण वापरू नयेत. मदत घेणं हा माणसाचा हक्क असावा; ती घेतल्यावाचून गत्यंतर नसणं हा दोष आहे.

आणि या दोषाची कुठं नोंदही होत नाही. कर्नाटकात 2011 चा सेवा हमी कायदा आहे, सगळे त्याला ‘सकाल’ म्हणून ओळखतात. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई मागता येते. चांगला कायदा आहे. पण मुदत मोजायला सुरुवात होते अर्ज स्वीकारून क्रमांक मिळाल्यावर. जो अर्ज पाचव्या पानावर अडकला आणि दाखलच झाला नाही, त्याची मुदत सुरूच होत नाही. आठवडाभर रोज प्रयत्न करणारा माणूस कायद्याच्या हिशेबात आलेलाच नसतो. सरकारी अहवालात सेवा वेळेत दिल्याचं प्रमाण चढं दिसतं, आणि दारातून परत गेलेले कुणी मोजलेले नसतात. किती लोकांनी अर्ज उघडला आणि किती जणांनी तो पुरा केला, हे दोन आकडे प्रत्येक संकेतस्थळाला ठेवता येतात. ते जाहीर करा, अशी मागणी आपल्या एखाद्या निवेदनात का असू नये?

सुरक्षेचा मुद्दा तंत्रज्ञ मांडतात. कॅप्चा, ओटीपी, वेळेची मर्यादा हे सगळं काढलं तर कुणीही कुणाचा उतारा, कुणाचं रेशन कार्ड बदलेल, असं ते म्हणतात. फसवणुकीच्या बातम्या वाचणाऱ्या कुणालाही ही भीती पटेल. परंतु सुरक्षा आणि छळ यांत फरक करता येतो. वेळ संपत आल्याची सूचना देऊन ती वाढवून घेता येते. वेळ संपलीच तरी भरलेली माहिती जपून ठेवता येते. वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरं ओळखायला लावणं हे यंत्र अडवण्याचं जुनं साधन झालं. आज यंत्रं ती वाचतात आणि माणसं चुकतात. ओटीपी आला तो पुण्यात किंवा गोव्यात कामाला असलेल्या मुलाच्या फोनवर, आणि त्यानं तो दुपारच्या सुट्टीत सांगायचा म्हटलं तर दोन मिनिटांची मुदत कुणाला वाचवते? अडवायचं आहे चोराला. त्या नियमात मालक अडकत असेल तर नियम पुन्हा तपासायला नको का?

सीमेवर राहण्याचे काही त्रास मात्र खास आपलेच आहेत, आणि ते बंगळूरला किंवा मुंबईला बसून बनवणाऱ्याला सुचणंही कठीण. एकच नाव तीन लिप्यांतून फिरतं. ज्ञानेश्वर हे नाव महाराष्ट्राच्या रीतीनं इंग्रजीत लिहिलं तर ‘डी’पासून सुरू होतं, कन्नडच्या रीतीनं लिहिलं तर ‘जे’पासून. शाळेचा दाखला एका रीतीचा, आधार दुसऱ्या, उताऱ्यावर कन्नडमधून आलेलं तिसरंच. माणूस एक, पण यंत्र म्हणतं नाव जुळत नाही, आणि पुढे काय करायचं ते सांगत नाही. नावातला फरक दाखवून ‘हे तुम्हीच का’ असं विचारणं, आणि पडताळणीसाठी तो अर्ज वेगळा काढणं, एवढं केलं तरी शेकडो हेलपाटे वाचतील. गावांच्या शोधातही तेच. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगाव शहराचं अधिकृत नाव बदलून बेळगावी झालं. ते सरकारनं वापरावं, पण शोधायच्या चौकटीत जुनं नाव टाकणाऱ्याला ‘काहीही सापडलं नाही’ असं उत्तर का मिळावं? दोन्ही नावांना एकच गाव दाखवण्यानं कुणाचाही पराभव होत नाही.

महाराष्ट्रानंही स्वतःकडे पाहावं. 865 सीमावर्ती गावांतल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळा प्रवर्ग आहे, 2023 मध्ये महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनाही या गावांना लागू करायचा निर्णय झाला. हे ममत्व इथल्या माणसाला मोलाचं वाटतं. पण एखाद्या अर्जात जिल्ह्यांच्या यादीत फक्त महाराष्ट्राचे 36 जिल्हे असतील, तर निपाणीच्या मुलीनं काय निवडावं? ती कोल्हापूर निवडते, कारण पुढे जाण्याचा तेवढाच मार्ग दिसतो, आणि मग कागदपत्रं तपासताना तिनं खोटी माहिती दिली असं ठरतं. योजना मुंबईत जाहीर होते, ती हातात पडते की नाही हे त्या यादीवर ठरतं. आपले नेते घोषणेच्या दिवशी सत्कार करतात. त्या यादीबद्दल त्यांनी एकदा तरी विचारलं आहे का?

शेवटचा आक्षेप पैशाचा. लहान सोसायटीनं, ग्रामपंचायतीनं हे सगळं कुठून करायचं? इथं मला ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते रंगनाथन आठवतात. आयुष्याची अखेरची वर्षं बंगळूरला काढलेल्या या गणिताच्या प्राध्यापकानं 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. त्या काळी पुस्तकं कुलुपात असत आणि वाचकानं कारकुनाकडे चिठ्ठी द्यायची. कपाटं उघडी ठेवायला नव्या इमारती लागल्या नाहीत, येणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागली. संकेतस्थळाचंही बरंचसं तसंच आहे. फोटोंची सरकती माळ काढून त्या जागी व्याजदर आणि शाखेची वेळ लिहायला उलट कमी खर्च येतो. आदेश स्कॅन करण्याऐवजी मजकूर म्हणून चढवणं हे आधीच पगार घेणाऱ्या माणसाचं काम आहे. आणि दोष शोधायला मोठी पाहणी लागत नाही. या विषयाचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी 2000 मध्येच दाखवून दिलं की पाच माणसांना समोर बसवून वापरायला दिलं तरी बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. मदत करायची नाही, सुचवायचं नाही, कुठं अडतात ते लिहून घ्यायचं.

हे करायला बेळगावाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथं आहे, शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, दर वर्षी मुलं प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. दोन मुलांनी एक साधा फोन घेऊन नाडकचेरीच्या व्हरांड्यात सकाळभर बसावं. कन्नड आणि मराठी संघटनांनी मिळून त्यांच्या नोंदी जिल्हाधिकाऱ्यांकडे न्याव्यात, आणि त्याच निवेदनात मराठी मजकुराची मागणीही असावी, अर्ज पुसला न जाण्याचीही, चित्राऐवजी मजकुराचीही. तपासायला बसवायच्या पाच जणांत दोन कन्नड वाचणारे असावेत, दोन मराठी वाचणारे, आणि पाचवी अशी एखादी बाई जिला दोन्ही वाचता येत नाहीत पण फोन वापरता येतो. ती जिथं अडेल तिथून अर्ज पुन्हा लिहायला घ्यावा.